जक्कयाचे दोन हिशेब

व्हेरियर एल्विन हे नाव मराठी वाचकाला आठवतं ते आदिवासींवरच्या जाडजूड पुस्तकांमुळे. बालाघाटच्या मामांना ते निराळ्याच कारणाने प्रिय आहे. मामा म्हणजे इथल्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, मेथडिस्ट मंडळीचे जुने सभासद. अर्धं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांची सख्खी भाची मात्र एकच. ती गोंदियाच्या कोर्टात वकिली करते, पोटगीचे आणि वाटणीचे दावे लढवते, आणि सुट्टी मिळाली की बाघ नदीचा पूल ओलांडून मामांकडे चिन्नोरचा भात खायला येते.

उपवासकाळातल्या एका सभेत मामांना बोलायचं होतं. विषय होता क्षमा मागणं आणि विश्वास कृतीतून जगणं. त्यांनी टिपण काढलं, भाचीला वाचून दाखवलं, आणि वाद पेटला. तो एका बैठकीत संपला नाही. मी जमेल तेव्हा तिथे होतो. जे ऐकलं ते जोडून देतो आहे, आणि मध्ये मध्ये माझंही नाक खुपसणार आहे.

मामांच्या टिपणाची सुरुवात अशी होती. एल्विन १९०२ साली इंग्लंडमध्ये जन्मले. वडील सिएरा लिओनचे बिशप. ऑक्सफर्डला शिकले, पुरोहित झाले आणि १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. हा संघ जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली सुरू केला होता. विन्स्लो हे आपल्या रेव्हरंड टिळकांचे स्नेही आणि चरित्रकार.

मामा : तो का आला ते बघ. त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. इंग्रजांनी या देशाकडून घेतलं, राज्य केलं. तर आपल्या घरातल्या कुणीतरी तिथे जाऊन घेण्याऐवजी द्यावं, हुकूम करण्याऐवजी सगळ्यांत गरिबाची सेवा करावी. प्रायश्चित्त म्हणून आला तो माणूस. गांधीजींच्या आश्रमात राहिला. मग १९३२ मध्ये मंडल्याच्या करंजियात, गोंडांच्या वस्तीत जाऊन झोपडी बांधली. सोबत कोण? आपला मराठी माणूस, शामराव हिवाळे.

भाची : करंजिया आता दिंडोरी जिल्ह्यात. लिहा तसं, नाहीतर लोकांना नाशिकची दिंडोरी वाटेल.

मामा : लिहितो. दोघांनी गोंड सेवा मंडळ काढलं. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी घर. धर्मांतर करायचं नाही असं ठरवलं, त्यावरून नागपूरच्या बिशपसाहेबांशी बिनसलं. पुढे एल्विनने पुरोहितपणही सोडलं. पण मी म्हणतो, उपदेश न करता त्याने जे केलं तोच उपदेश. कुणापुढे हात जोडून 'माफ करा' म्हणाला नाही. हाताला काम दिलं, तीच त्याची माफी. याकोबाचं पत्र दुसरं काय सांगतं? कृतीवाचून विश्वास निर्जीव.

भाची : टिपण इथेच संपतं?

मामा : शेवटी प्रार्थना आहे.

भाची : आणि कोसीबाई?

मामा काही बोलले नाहीत. त्यांना कोसीबाई माहीत नव्हत्या असं नाही. माझ्या मते त्यांनी त्या मुद्दाम गाळल्या होत्या. चांगल्या माणसावर बोलताना आपण सगळेच गाळतो तशा.

न वाचलेल्यांसाठी एवढं सांगतो. एल्विन यांनी एप्रिल १९४० मध्ये कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी लग्न केलं. ती त्यांच्याच शाळेत शिकलेली होती. १९४१ साली मुलगा झाला. १९४९ साली एल्विन यांनी कलकत्ता हायकोर्टातून घटस्फोट घेतला, आणि तो एकतर्फी होता. त्यानंतर त्यांनी जवळच्याच पाटणगढच्या परधान समाजातल्या लीला यांच्याशी लग्न केलं आणि पन्नाशीच्या दशकात ईशान्येकडे गेले. १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाले, नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, प्रशासनाचे सल्लागार झाले, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळाला. फेब्रुवारी १९६४ मध्ये दिल्लीत वारले. त्यांचं आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालं आणि त्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोसीबाई मागेच राहिल्या. रायतवार गावात, गरिबीत, एकविसावं शतक उजाडलं तरी त्या होत्या.

भाची : मामा, मी रोज असल्या फायली उघडते. एकतर्फी म्हणजे काय होतं सांगू? नोटीस निघते, बाई हजर राहत नाही, हुकूम होतो. गोंदियाच्या बाईला नागपूरच्या कोर्टात जायचं तर गाडीभाड्याचे वांधे असतात. मैकलच्या डोंगरातली एक गोंड बाई १९४९ साली कलकत्त्याला कशी जाणार होती? ज्याला गोंडांचं दुःख सगळ्या हिंदुस्थानात जास्त कळत होतं, त्याला हे कळत नव्हतं?

मामा : लग्न मोडतात गं. दोघांची कारणं असतील. आपण त्यांच्या घरात नव्हतो. आणि त्याने आत्मचरित्रात कबूल केलंय की त्या काळाकडे वळून पाहताना त्याला वेदना होतात, आपण कमी पडलो असं वाटतं.

भाची : कुणाजवळ कबूल केलं? इंग्रजी वाचणाऱ्यांजवळ. कोसीबाईंना ती ओळ कुणी वाचून दाखवली?

मामा : कबुली देवाजवळ असते, बेटा.

भाची : देवाजवळ असेल. पण देवाने एल्विनवर पोटगीचा दावा लावला नव्हता.

हे वाक्य ऐकून मामा चिडले. 'कोर्टाची जीभ चर्चमध्ये आणू नको,' म्हणाले, आणि त्या दिवशी वाद तिथेच थांबला. पुढच्या भेटीला ते तयारी करून बसले होते. बायबलमध्ये कागदाच्या पट्ट्या घातलेल्या होत्या.

मामा : जक्कय घे. लूक, एकोणिसावा अध्याय. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. उंबराच्या झाडावर चढून बसतो. प्रभू त्याच्या घरी जेवायला जातो. जक्कय एकदा तरी 'मला क्षमा करा' म्हणतो का? शोध. नाही म्हणत. उभा राहून पैशाचं बोलतो. आणि प्रभू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. म्हणजे तोंडाने मागितलेली माफी लागत नाही. पिशवीचं तोंड उघडलं की पुरे.

भाची : उघडून काय काय देतो ते वाचा की.

मामा : अर्धी मालमत्ता गरिबांना.

भाची : आणि?

मामा : ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत.

भाची : हे दोन वेगळे हिशेब आहेत, मामा. गरिबांना अर्धं दिलं म्हणून लुबाडलेल्याचं देणं फिटलं, असं तो म्हणत नाही. तो वकील लावल्यासारखा दोन कलमं करतो. एक दानाचं, एक देण्याचं. एल्विनचं पहिलं कलम भरगच्च आहे. माझं म्हणणं दुसऱ्यावर आहे. सगळ्या गोंड समाजाला शाळा दिली म्हणून एका गोंड बाईचा हिशेब बंद होत नाही. उलट तो आणखी उघडा पडतो.

खरं सांगायचं तर जक्कयाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि हे दोन हिशेब मला कधी वेगळे दिसले नव्हते. प्रवचनात ते नेहमी एका दमात येतात. वाटणीचे दावे चालवणाऱ्या बाईलाच ते दिसावेत यात नवल नाही.

मामांनी पुढची पट्टी काढली. पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून पळालेला, बहुधा काही नुकसान करून. पौल मालकाला लिहितो की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड.

मामा : आता बोल. इथे देणं एकाचं, भरणारा दुसरा. आमच्या सगळ्या विश्वासाचा पायाच हा आहे. आमचं देणं दुसऱ्याने भरलं, वधस्तंभावर. तू म्हणतेस ज्याचं त्यालाच, चोख, नावानिशी. मग कृपेला जागा कुठे राहिली?

भाची : पौलाने पत्र लिहून अनेसिमाला आपल्याजवळ ठेवून घेतलं का? नाही. त्याच्याच हातात पत्र देऊन त्याला फिलेमोनाच्या दारात उभं केलं. पैसे दुसऱ्याने भरले तरी चालतील, दारात उभं राहायला दुसरा चालत नाही.

मामा : (हसून) तुला पाळक करायला पाहिजे होतं.

भाची : माझी फी परवडणार नाही मंडळीला.

फिलेमोनाचं उदाहरण दोघांनीही बिनधास्त वापरलं, पण मला ते बोचतं. गुलामाला मालकाकडे परत धाडणं ही काही सरळ गोष्ट नव्हे. ज्याने अन्याय सोसला त्यालाच दार वाजवायला लावणारी क्षमा मी आजूबाजूला पुष्कळ पाहिली आहे. हे मी बोललोही. भाचीने मान डोलावली, मामांनी पान उलटलं.

मग मामांनी आपल्याच राज्यातली गोष्ट काढली, आणि ती त्यांनी फार चांगली सांगितली. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट. इंदूरच्या बाजूला उदयनगर भागात शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या चालत्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघातल्या. २००२ साली त्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समंदर सिंहच्या मनगटाला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ साली तो सुटला, केरळला जाऊन राणी मारियांच्या आईला भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा तो तिथे हजर होता.

मामा : इथे कोण कुणाच्या दारात गेलं? अपराधी गेला? नाही. जिची बहीण मारली ती गेली. त्याने मागण्याआधीच तिने क्षमा दिली. तुझ्या दोन कलमांत हे कुठे बसतं?

भाची : बसत नाही. बसवूही नये.

मामा : म्हणजे हरलीस.

भाची : हरले नाही. सेल्मीबाईंनी जे केलं ते त्यांचं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांची गोष्ट सांगून दुसऱ्या बाईवर दडपण आणलं जातं, त्याची मला चीड आहे. समझोत्याच्या टेबलावर मी बसते मामा. नवऱ्याने हात मोडलेला असतो. सासरचे म्हणतात, माफ कर, मोठी हो. माहेरचे म्हणतात, माफ कर, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. आमच्या मंडळीतले म्हणतात, प्रभूने सत्तर गुणिले सात वेळा सांगितलंय. सगळे तिला क्षमा करायला सांगतात, त्याला मागायला कुणी सांगत नाही. आणि एक लक्षात घ्या, समंदर सिंह अकरा-एक वर्षं आत होता. क्षमेने शिक्षा पुसली नव्हती. जे झालं तो खून होता, यावर कुणी पांघरूण घातलं नव्हतं. त्या पायावर ती राखी उभी आहे.

मामा : मला मान्य. पण मग तूही मान्य कर की तोंडाची माफी सगळ्यांत स्वस्त असते.

भाची : ते तर मी रोज बघते. बिनशर्त माफीचं प्रतिज्ञापत्र आमचा टायपिस्ट पाच मिनिटांत काढून देतो. नाव बदलायचं फक्त.

मामा : बघ. म्हणून मी कृतीकडे येतो. शामरावांकडे बघ. एल्विन गेला, शामराव गेले नाहीत. लोक एल्विनला बडा भाई म्हणत, यांना छोटा भाई. तंटा असो, ताप असो, छोटा भाई. एल्विनसोबत गाण्यांची पुस्तकं केली, परधानांवर स्वतः पुस्तक लिहिलं, १९४६ मध्ये आलं ते. त्याच वर्षी एल्विनवरही पुस्तक काढलं. पण महाराष्ट्राला त्यांचं नाव माहीत नाही. इंग्रजाने केलेल्या अन्यायाचं प्रायश्चित्त इंग्रज करायला आला, आणि निभावलं कुणी? ज्याच्याकडे काही देणं नव्हतं त्या मराठी माणसाने.

इथे मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. शामराव हिवाळ्यांवर मराठीत नीट चरित्र असायला हवं होतं. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना आपण नगर, पुणे, मुंबई, केडगाव एवढ्यात फिरतो. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात पाटणगढला राहून गेलेला माणूस त्या नकाशात येत नाही. याच पाटणगढचे जनगढ सिंह श्याम पुढे चित्रकार म्हणून जगभर गाजले. गाव माहीत आहे, शामराव नाहीत.

भाची : शामरावांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. त्यांना वंदन. पण तुम्ही आत्ताच म्हणालात, त्यांच्याकडे काही देणं नव्हतं. मग ते क्षमा मागण्याचं उदाहरण कसं? ते सेवेचं उदाहरण आहे. तुमच्या टिपणात दोन विषय आहेत आणि तुम्ही एकाच्या आड दुसरा लपवताय.

मामा : आणि रेव्हरंड टिळक? त्यांचंही देणंच होतं म्हणशील.

भाची : होतंच. १८९५ च्या फेब्रुवारीत बायकोला, लक्ष्मीबाईंना, न सांगता बाप्तिस्मा घेतला. चार-पाच वर्षं संसार दुभंगला. तुम्ही नेहमी राजनांदगावच्या गाडीची गोष्ट सांगता, टिळकांना गाडीत मिशनरी भेटला, नवा करार मिळाला. आपल्या शेजारचंच स्टेशन म्हणून तुम्हाला कौतुक. पण लक्ष्मीबाईंनी आपली बाजू स्वतः लिहिली. स्मृतिचित्रे आहे म्हणून टिळकांचा हट्टीपणाही कळतो आणि लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या त्या ओढून नेलेल्या नव्हत्या हेही कळतं. कोसीबाईंची स्मृतिचित्रे नाहीत. म्हणून एल्विनच्या दोन-चार ओळींवर आपण भागवतो.

मामांनी यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. नंतर त्यांनी जो मुद्दा काढला तो मला त्यांचा सगळ्यांत भक्कम वाटला.

मामा : समज, मी तुझं सगळं मानलं. ज्याचं त्याच्याकडे जायचं. पण ज्याचं घेतलं तो कोण हेच माहीत नसेल तर? बैहरचे बैगा घे, आपल्याच जिल्ह्यातले. नांगर घातला तर धरणीमातेची छाती फाटते असं मानणारे. बेवर, म्हणजे जंगल तोडून-जाळून फिरती शेती, करून जगायचे. इंग्रजांच्या जंगलखात्याने बेवर बंद केली, नांगर हातात दिला. १८९० मध्ये मंडल्यात एक बैगा चक आखून दिला, तेवढ्यात करा म्हणाले. किती घरं उठली, कुणाची कुऱ्हाड जप्त झाली, याची यादी कुठून आणणार? एल्विनचं 'द बैगा' १९३९ चं. त्याने निदान त्यांची बाजू मांडली. दारात जायचं तर कुणाच्या जायचं?

मी मध्येच म्हणालो की कॅन्टरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी सप्टेंबर २०१९ मध्ये जालियनवाला बागेत जमिनीवर पालथे पडले होते. मी ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी नाही असं त्यांनी स्पष्ट केलं, पण ख्रिस्ताच्या नावाने लाज वाटते, क्षमा मागतो, असं म्हणाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटात खेद व्यक्त केला होता, माफी मागितली नव्हती. एल्विन १९२७ मध्ये ज्यासाठी निघाले, ते त्यांच्याच चर्चच्या प्रमुखाने ब्याण्णव वर्षांनी उघड्यावर केलं.

मामांना ते आवडलं. भाचीला अर्धंच.

भाची : पालथं पडायलाही धारिष्ट लागतं, नाही म्हणत नाही. पण बैगांचं म्हणाल तर उत्तर आहे. २००६ चा वनाधिकार कायदा. त्याच्या प्रस्तावनेतच सरकार कबूल करतं की जंगलातल्या लोकांवर इतिहासात अन्याय झाला. भारत सरकारने इतकी साफ कबुली क्वचितच कुठे लिहून दिली असेल. आणि पुढे काय केलंय? नुसतं सगळ्या आदिवासींचं भलं व्हावं म्हणून सोडलेलं नाही. ग्रामसभेत दावा लावायचा, नावाने, जागा दाखवून. पट्टा निघाला तर नवरा-बायको दोघांच्या नावे. एवढा मोठा, शे-दीडशे वर्षांचा, यादी नसलेला अन्याय, त्याची भरपाईसुद्धा शेवटी एका बाईच्या नावापर्यंत यावी लागते. तुम्ही म्हणता दार सापडत नाही. मी म्हणते शोधलं तर पुष्कळ दारं सापडतात.

मामा : आणि दावे फेटाळतात ते?

भाची : ढिगाने फेटाळतात. त्याबद्दल मी भांडतेच. पण कायद्याने पत्ता बरोबर लिहिलाय.

मला वाटलं वाद इथे बरोबरीत सुटला. मामांनी टिपणात बैगा घातले, कोसीबाईंसाठी एक परिच्छेद घातला आणि मलाच विचारलं, 'आता ठीक?' मी हो म्हणणार तेवढ्यात भाचीने ते सांगितलं जे या सगळ्या वादाच्या खाली पहिल्या दिवसापासून होतं आणि जे मला माहीत नव्हतं.

मामा राहतात ते घर त्यांच्या वडिलांचं. वडील मृत्युपत्र न करता गेले. भाचीची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, तुमसरला दिलेली. वडील गेल्यावर तिला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली. कुणी दरडावलं नाही, कुणी विचारलंही नाही. भाऊबीज तोंडावर आलेली, तिने सही केली.

भाची : भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा आहे. ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी यांच्या हिश्शात तेव्हापासून फरक नाही. आजीचा एक तृतीयांश, उरलेलं मुलांत सारखं. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

मामा : माहीत होतं. (थोडं थांबून) म्हणून तर तुझं शिक्षण केलं. शाळा, नागपूरचं लॉ कॉलेज, खोलीचं भाडं. एक पैसा तुझ्या बापाला लागू दिला नाही. तुला काय वाटलं, भाचीचे लाड?

भाची : मला कधीच कळलं होतं. लॉच्या पहिल्या वर्षी तो कायदा शिकवला तेव्हाच. म्हणून तर म्हणते, पहिलं कलम भरगच्च आहे. तुमच्यामुळे मी उभी आहे, हे मी कुठेही सांगेन. पण ती फी मला मिळाली, मामा. सही आईची होती.

मामा : ती काही म्हणाली तुला?

भाची : ती कधी काही म्हणते का? तिला घर नकोय. इतकंच म्हणते की दादाने एकदा विचारायला पाहिजे होतं.

मामा : इतक्या वर्षांनी तिच्यापुढे हा विषय काढायचा म्हणजे तिला उगाच जुनं दुखणं.

भाची : मत्तयाच्या पाचव्या अध्यायात काय आहे? वेदीशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. तुमच्या मनात काही आहे का, असं विचारलेलंच नाही तिथे. त्याच्या मनात आहे का, असं विचारलंय.

मामांनी तो अध्याय आयुष्यभर शिकवला आहे. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले की हे सभेत बोलण्यासारखं नाही. भाची म्हणाली, सभेत बोलूच नका, सभेत बोलला तर तेही पहिल्याच कलमात जाईल.

माझं मत विचाराल तर मामा दोन गोष्टींत बरोबर आहेत. कृतीशिवाय क्षमायाचना पोकळ असते, आणि शामरावांसारखी माणसं नसती तर एल्विनच्या प्रायश्चित्ताला काही अर्थ उरला नसता. पण मूळ प्रश्नावर भाचीचं म्हणणं मला खोडता येत नाही. आपण ख्रिस्ती लोक, आणि बाकीचेही, सेवा करायला लवकर उठतो. ज्याचं देणं आहे त्याच्या गल्लीतून जायची वेळ आली की लांबचा रस्ता धरतो. एल्विन काही ढोंगी नव्हते. त्यांच्यासारख्या माणसाचं हे होऊ शकलं, म्हणून तर ते टिपणात राहायला हवेत, कोसीबाईंसकट.

सभा झाली. मामा चांगले बोलले. कोसीबाईंचं नाव घेतलं, रायतवारचं घेतलं, जक्कयाचे दोन हिशेब सांगितले आणि ते आपल्याला भाचीने शिकवले असंही सांगितलं. घराबद्दल बोलले नाहीत. तुमसरला ते अजून गेलेले नाहीत. नगरपालिकेच्या दप्तरात घर एकट्या मामांच्या नावावर आहे.